दाहिने म्हणजे उजवीकडे

आमच्याकडे फौजेतून पेन्शनीत आलेला कुठलाही माणूस 'मेजर' असतो. शिपाई म्हणून येवो की हवालदार म्हणून, एसटीतून ट्रंक खाली उतरली की गाव त्याला मेजर करून टाकतं. मी 28 वर्षं नोकरी करून 2014 साली सुभेदार म्हणून भऱ्याला परत आलो आणि त्याच संध्याकाळी, बढतीचा कागद न येता, मेजर झालो. सुरुवातीला दुरुस्त करायचो. आता 'ओ' देतो.

सकाळी सव्वापाचला गावाबाहेरच्या मोकळ्या रानात बारा-पंधरा पोरं येतात. भरतीची तयारी. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर 60 गुण, दहा पुलअप्सचे 40. मी पैसे घेत नाही, पण पाच मिनिटं उशीर झालेल्याला आत घेत नाही. गेल्या आषाढात भातलावणी ऐन भरात असताना एक बाई गुडघ्यापर्यंत चिखलाच्या पायांनी आली. पोराला पुढे ढकलून म्हणाली, "मेजर, ह्याला कडकमधी घ्या. घरात कुणाचं ऐकत न्हाय. हाणला तरी चालंल." तिच्या मागून पोराचा आजा आला. "हाणू नका हो. आधीच हडकुळं हाय. गोडीनं सांगितलं तर ऐकतंय ते."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी कोणाच्या बाजूचा, ते त्यांना ऐकायचं होतं. मी पोराला विचारलं, "पळायला बूट आहेत का?" नव्हते. मग तोच विषय आधी काढला.

पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो फक्त भऱ्याच्या रानातला नाही. शिपायाला जाच करून घडवायचं की मोकळं सोडून, यावर जगभरच्या फौजा वाद घालत आल्यात. मी काही इतिहासकार नाही. पण पहिली 14 वर्षं हुकूम ऐकण्यात आणि नंतरची 14 हुकूम देण्यात गेली, तेव्हा दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझ्या पलटणीचं आणि सेंटरचं नाव मात्र इथे घालत नाही. पुढे थोडं उणंदुणं निघणार आहे.

मी 1986 साली भरती झालो. फौजेत ड्रिलचे हुकूम हिंदीत. 'दाहिने मूड' म्हणजे उजवीकडे वळ. आता मराठी पोराच्या कानाला 'दाहिने' कसं लागतं बघा. 'डावी'सारखं. पहिल्याच आठवड्यात ड्रिल शिकवणारा उस्ताद ओरडला 'दाहिने मूड' आणि आमच्या स्क्वॉडातले आम्ही सहाजण झोकात डावीकडे वळलो. उस्तादाला वाटलं, चेष्टा चाललीय. सगळ्या स्क्वॉडाला मुरुमावर फ्रंट रोल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही चुकलो नाही, पण शिकलो होतो ते एवढंच की हुकूम आला की अर्धा क्षण थांबायचं, शेजारचा कुठे वळतो ते बघायचं आणि मग वळायचं. ड्रिल शिकवतात ते नेमकं हा अर्धा क्षण मारण्यासाठी. त्या माणसाने इतका रगडा देऊन आम्हाला तोच अर्धा क्षण शिकवला.

मग तो रजेवर गेला आणि दुसरा उस्ताद आला. त्याने आमचं एक वळण बघितलं, जवळ आला आणि एकाला विचारलं, "बेटा, रोटी किस हाथ से खाता है?" पोराने हात वर केला. "वही दाहिना." झालं. फार तर दहा सेकंद गेली असतील.

हा दुसरा उस्ताद मऊ होता असं समजू नका. फायरिंग रेंजवर एकाने रायफलची नळी जरा तिरकी, शेजाऱ्याच्या अंगावर जाईल अशी धरली. रायफल रिकामी होती. तरी त्या पोराला ती डोक्यावर धरून रेंजला इतक्या चकरा मारायला लावल्या की संध्याकाळी लंगरमध्ये त्याच्याच्याने घास उचलवेना. तेव्हा आम्हा कुणालाही जाच वाटला नाही. रिकामी समजून धरलेल्या रायफलीतूनच गोळी सुटते, हे त्याने आधी दोनदा सांगून ठेवलेलं होतं.

फौजेतली मंडळी आपसात म्हणतात, अमका साहेब कडक, तमका ढिला. मला ही वाटणीच चुकीची वाटते. पहिला उस्ताद आणि दुसरा उस्ताद, शिक्षेच्या बाबतीत दोघं सारखेच. फरक एवढाच की दुसऱ्याच्या हुकमाच्या पोटात कारण असायचं आणि ते त्याने वेळेआधी सांगितलेलं असायचं. गोळीबार सुरू झाल्यावर कारण सांगायला वेळ कुणाला असतो?

ही गोष्ट आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने इतक्या बारकाईने लिहून ठेवली आहे की मी दरवेळी वाचताना चकित होतो. राज्याभिषेकाच्या आधीचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. भाजीच्या देठाचा म्हणून जो उल्लेख भाषणांतून ऐकतो, तो यातला नव्हे, महाराजांच्या दुसऱ्या एका पत्रातला. भाषण करणारे तेवढाच देठ घेऊन निघून जातात. पण हे पत्र वाचलं तर असं वाटतं की लिहिणारा स्वतः रात्री छावणीत कंदील घेऊन फिरलाय.

त्यात काय आहे, ते माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवली आहे. ती आत्ता बेफिकिरीने उधळलीत तर ऐन पावसात संपेल, मग घोडी मरतील आणि घोडी मेली तर ती तुम्ही मारलीत असं होईल. मग उपाशी शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजीपाला. जीव धरून राहिलेला कुणबी मग गाव सोडेल, आणि त्याला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरा. तुम्हाला पैसा दिलेला आहे, जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. पुढे आगीबद्दल. कुणी गवताजवळ स्वयंपाक करील, कुणी चिलीम ओढील, कुणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली की छावणी गेली.

उंदीर आणि वात! एवढ्या मोठ्या राज्याचा धनी हवालदाराला उंदराबद्दल लिहितो. आणि त्याहून मोठी गोष्ट त्या आगीच्या भागात आहे. अशी आग लागल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी त्यातून पागेचा एक खणही पुन्हा उभा राहणार नाही, अशा अर्थाचं महाराज तिथे बजावतात. म्हणजे मागाहून केलेली शिक्षा कितीही कडक असली तरी जळालेलं परत आणत नाही. हे कुणी ढिल्या माणसाने लिहिलेलं नाही. लष्करात बटकी-कलावंतीण बाळगील त्याची गर्दन मारावी, असा त्यांचाच कायदा सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवलाय. एवढा कडक माणूस हुकमासोबत पानभर कारणं देतो.

आता माझी चूक सांगतो. मी नाईक होतो, एका ट्रेनिंग सेंटरवर. वीस किलोमीटरचा रूट मार्च, पाठीवर पिट्ठू. एक रिक्रूट लंगडायला लागला. आदल्या आठवड्यात हाच पोरगा पोटदुखीचं सोंग करून पीटी चुकवताना सापडला होता, म्हणून मी ठरवूनच टाकलं की हे सोंग आहे. म्हणालो, "चल, भाग." तो शेवटपर्यंत चालला, शब्द न बोलता. संध्याकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, मोजा कात्रीने कापून काढावा लागला. फोड फुटून, घासून, आत माती जाऊन पिकला होता. पोराला तीन आठवडे हॉस्पिटलात ठेवलं, तो बॅचच्या मागे पडला.

कंपनी कमांडरसमोर माझी पेशी झाली. बेल्ट-टोपी काढून उभा राहिलो तेव्हा वाटलं, आता रेकॉर्डवर लाल शाईची नोंद. साहेबांनी एकच विचारलं, "पाँव देखा था?" मी म्हणालो, नाही. मग म्हणाले, आजपासून महिनाभर रोज रात्री रोल कॉलनंतर सगळ्या प्लाटूनचे पाय तू बघणार, बॅटरी घेऊन, बोटांच्या फटींसकट, आणि वहीत लिहिणार. तीस पोरं, साठ पाय. पहिल्या दिवशी लाज वाटली. दहाव्या दिवशी मला बूट बघून सांगता यायला लागलं की कुणाचा पाय कुठे घासतोय. त्या शिक्षेची कुठे नोंद झाली नाही. पण पुढे उंचीवरच्या बर्फात गेलो तेव्हा रोज संध्याकाळी दहा जणांच्या पायांची बोटं दाबून रंग बघायचो, आणि आमच्या टोळीतलं एकही बोट कापावं लागलं नाही.

त्या बर्फातल्या चौकीवर कुणी आम्हाला बघितलं असतं तर म्हणाला असता, ही कसली फौज. दाढ्या वाढलेल्या. कॅप्टनसाहेब आणि शिपाई एकाच स्टोव्हपाशी, एकाच डब्यातून खाताना. सॅल्यूट नाही. समोर शत्रूची दुर्बीण असते तिथे सॅल्यूट ठोकला तर त्याला आयतं कळतं, साहेब कोणता. पण दोर बांधल्याशिवाय लघवीलाही चार पावलं जायचं नाही, उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, आणि खोकला आला की लपवायचा नाही. या तीन बाबतींत कॅप्टनसाहेबांनाही सूट नव्हती. एकदा तेच दोर न बांधता निघाले, तेव्हा आमच्या लान्स नायकाने त्यांना दरडावून मागे बोलावलं. साहेब मुकाट्याने परत आले आणि दोर बांधून घेतला. मी पाहिलेली सगळ्यांत कडक शिस्त ती, आणि तिथे कुणाचा बूट चमकत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांनी हेच केलं. 1943 च्या सुमाराला त्यांच्या फौजेची माणसं जपानी गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त पडत होती. मेपॅक्रीनची गोळी रोज घ्यायची, सूर्य मावळला की बाह्या खाली करायच्या, असा नियम होता, पण शिपाई गोळ्या टाळायचे. स्लिमसाहेबांनी अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणीत 95 टक्क्यांपेक्षा कमी माणसांच्या अंगात गोळी सापडली, त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. शिपायाला नव्हे, साहेबाला. तिघांना घरी पाठवल्यावर बाकीच्यांना समजलं. याच स्लिमना शिपाई प्रेमाने 'अंकल बिल' म्हणायचे. आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, पुढचे लेफ्टनंट जनरल, ब्रह्मदेशातच पलटण चालवत होते आणि जानेवारी 1945 मध्ये कांगॉच्या लढाईत त्यांनी नाव काढलं.

कारण गळ्याखाली उतरलं नाही की हुकूम कसा अडतो, तेही मराठा पलटणींनी भोगलंय. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी वेढा घातला, डिसेंबर 1915 पासून. आत तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा गोऱ्या शिपायांनी घोडी कापून खाल्ली. हिंदी शिपायांनी नकार दिला. धर्माचा प्रश्न आणि गावी गेल्यावर भाऊबंद काय म्हणतील ही भीती. जनरल टाउनशेंडचा हुकूम तिथे चालेना, म्हणून हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या संमतीच्या तारा मागवल्या. एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खायला सुरुवात केली, तोवर उशीर झाला होता. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती. तोफेसमोर छाती देणारी तीच माणसं घासापाशी अडली, आणि मी त्यांना बेशिस्त म्हणणार नाही.

आणि मुंबई, 18 फेब्रुवारी 1946. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न ही जुनी तक्रार, त्यात शाळेचे प्रमुख कमांडर किंग यांनी खलाशांना दिलेल्या शिव्या. खलाशांनी रीतसर लेखी तक्रार केली होती. तिची दाद लागली नाही. बाहेर स्वातंत्र्याचा वारा होताच, आझाद हिंद सेनेचे खटले ताजे होते, ते सगळं खरं. पण दोन-तीन दिवसांत 78 जहाजं आणि सुमारे 20,000 खलाशी उठले, त्याची पहिली ठिणगी डाळीच्या वाटीत पडली होती. माझा ठाम समज आहे की त्या शाळेत कडकपणा कमी नव्हता, खाली बघण्याची पद्धतच नव्हती.

प्रतापराव गुजरांची गोष्ट फौजेत आम्हाला शौर्याची म्हणून सांगतात, आणि कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ती घराघरांत आहे. मी आता ती जरा वेगळी वाचतो. 1673 मध्ये उमराणीला विजापूरचा सरदार बहलोलखान हाती सापडला आणि सरसेनापतींनी त्याला जाऊ दिला. तो पुन्हा उलटला. महाराजांचा खरमरीत शब्द आला, खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका अशा अर्थाचा. तो शब्द प्रतापरावांच्या मनाला इतका लागला की 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीला सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण गेले. पहिली चूक ढिलाईची. दुसरी? सेनापतीने फौज मागे टाकून असं जाणं, हे सुभेदाराच्या नजरेने शिस्तीत बसत नाही. पण टोचून लिहिलेल्या शब्दालाही वजन असतं, आणि उंदराच्या वातीचा विचार करणाऱ्या माणसालाही ते एकदा जड गेलं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण गावात समज आहे की फौजेत साहेब काहीही करू शकतो. 1950 च्या आर्मी ॲक्टप्रमाणे वरिष्ठाचा हुकूम मुद्दाम धुडकावला तर 14 वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याचं 47 वं कलम मात्र क्वचित कुणी सांगतं. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ केला तर वरच्याला सात वर्षांपर्यंत कैद. फटक्यांची शिक्षा हिंदी फौजेतून 1920 सालीच गेली. कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात 28 दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो, पण ती नोंद लाल शाईत होते. चार लाल शाया झाल्या की नालायक म्हणून घरी पाठवायची रीत होती. 2015 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या चार नोंदी मोजून माणूस काढता येणार नाही, चौकशी करा, तो कुठे राबला, कोणत्या कठीण जागी किती वर्षं होता ते बघा. हा निकाल आला तेव्हा मी घरी होतो, पेपरात वाचला, आणि ओळखीची दोन-तीन तोंडं डोळ्यासमोर आली.

आमच्या शेजारी कासार आंबोलीला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे, 1997 पासून. माझी पुतणी तिथे शिकली. तिच्याच वयाच्या पोरी 2022 साली खडकवासल्याच्या एनडीएत पहिल्यांदा दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये त्यांतल्या 17 जणी पास होऊन निघाल्या. पुतणीने मला एकदा विचारलं, "तात्या, तुमच्या वेळी 'का' विचारलेलं चालायचं?" मी म्हणालो, "फॉलिनमध्ये, रांगेत उभं असताना, नाही. रात्री बराकीत चालायचं, उस्ताद चांगला असेल तर." तिला ते पटलं नाही. तिचं बरोबर आहे की माझं, ते मी अजून ठरवतोय. आताचा अग्निवीर चार वर्षांसाठी जातो, त्यातला चारात फार तर एक पुढे राहू शकतो. माझ्यासारखी चौदा वर्षं हुकूम ऐकून मग कळायला त्याला वेळच नाही. त्याला कारण पहिल्याच महिन्यात सांगावं लागेल.

त्या आषाढातल्या बाईचा पोरगा अजून येतो. कडकमध्ये आहे की गोडीत, ते त्याच्या आईला आणि आज्यालाही समजलेलं नाही. उशिरा आला तर मी परत पाठवतो. हात मात्र लावलेला नाही. परवा 1600 मीटर पाच मिनिटं एकेचाळीस सेकंदांत आला. अजून अकरा सेकंद काढायचे आहेत.

पोरगं किंवा पोरगी फौजेत पाठवणार असाल तर एवढं करा. भरतीच्या आधी बूट चांगला दोन महिने वापरून मऊ करून द्या, नवा कोरा घालून पाठवू नका. पायाला फोड आला तर लपवायचा नाही, सांगायचा, हे घरीच शिकवा. आणि 'दाहिने' म्हणजे उजवीकडे, जेवायच्या हाताकडे, हेही सांगून ठेवा.